पेढीचा टेलिफोन आणि तारांची शिस्त



स्मरणिकेसाठी आम्ही काही लिहावे असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा धान्याच्या व्यापाऱ्याने धान्याविषयीच लिहावे असा आमचा प्रथम विचार होता. तुरीची आवक, बारदानाचा भाव, बाजार समितीचे नियम हे आमचे नित्याचे विषय. परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या अनेक सभासदांच्या पेढ्यांवर जाण्याचा योग आला आणि बहुतेक ठिकाणी एकच तक्रार कानी पडली : इंटरनेटवरचा नवा फोन घेतला, पण बोलणे तुटते. कोणी कंपनीस दोष देतो, कोणी यंत्रास, कोणी काळास. आमचे नम्र मत असे की, पुष्कळदा दोष यांपैकी कोणाचाच नसून आपल्याच घरातील तारांच्या अव्यवस्थेचा असतो. तेच मत येथे सविस्तर मांडण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही इंजिनियर नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि ज्या वस्तूवर आपली पत अवलंबून आहे, तिची घडण जाणून घेणे हे व्यापाऱ्याचे कर्तव्यच होय.

धान्याचा सौदा शब्दावर होतो. कागद मागाहून येतो, पैसा त्याच्याही मागाहून. समोरच्याचा शब्द जसाच्या तसा आपल्या कानी पडला नाही, तर सचोटीची दोन माणसेही एकमेकांस खोटी ठरवू लागतात. आमच्याच पेढीवरील उदाहरण सांगतो. एका जुन्या गिऱ्हाइकाने फोनवरून कळविले की, गाडी आज भरायची नाही. वाक्यातील शेवटचा शब्द तेवढा तुटला आणि आमच्या मुनीमजींनी ऐकले, गाडी आज भरायची. साठ पोती भरली गेली, दुसऱ्या दिवशी तीच साठ पोती उतरली. हमाली दोनदा पडली त्याचे आम्हांस काही वाटले नाही. परंतु पंचवीस वर्षांच्या संबंधात प्रथमच ‘तुम्ही असे म्हणालात’ आणि ‘मी असे म्हणालो नाही’ अशी भाषा झाली, ती गोष्ट मनास लागली. दोघांपैकी कोणीही असत्य बोललेले नव्हते. असत्य मध्येच, तारेच्या वाटेवर निर्माण झाले होते.

पूर्वी वाट अवघड होती, पण ती सरकारची होती. तिची निगा राखणे आपल्याकडे नव्हते. कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे १८८२ साली टेलिफोनची केंद्रे सुरू झाली. परगावी बोलावयाचे तर ट्रंक कॉल नोंदवून तिष्ठत बसावे लागे. १९६० साली कानपूर व लखनौ यांच्यामध्ये प्रथमच स्वतः आकडे फिरवून परगावी बोलण्याची सोय झाली. परंतु ती सर्वत्र पोहोचण्यास पुष्कळ काळ लागला. आमच्या लहानपणी वडील सकाळी ट्रंक कॉल नोंदवीत आणि तो लागेपर्यंत दुपार टळून जाई. टेलिफोनची जोडणी मिळण्यासाठी लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. या स्थितीत जो पालट झाला, त्यात आपल्या बडोद्याचाही वाटा आहे. येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकून अमेरिकेस गेलेले सॅम पित्रोदा परत आले, आणि १९८४ साली स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या संस्थेने आपल्या हवामानास व धुळीस टिकेल असे देशी टेलिफोन केंद्र बनविले. त्यांपैकी खेड्यांसाठीचे छोटे केंद्र १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे बसले. पुढे गल्लोगल्ली एस.टी.डी.च्या पेट्या झाल्या. २०१३ च्या जुलैमध्ये तारखाते बंद झाले आणि भाव कळविणारी ती तार इतिहासजमा झाली.

इंटरनेटवरून बोलण्यास आपल्या सरकारने २००२ साली प्रथम मर्यादित परवानगी दिली. आणि २०१८ साली, परवाना असलेल्या कंपन्यांस इंटरनेटवरील फोनसाठी नेहमीसारखा क्रमांक देऊन कोणत्याही टेलिफोनशी जोडून देण्याची मुभा मिळाली. त्यानंतर काचेच्या तंतूची तार, जिला सर्वजण फायबर म्हणतात, ती घरोघर आली आणि तिच्यासोबतच फोनही येऊ लागला. याचा परिणाम काय झाला, हे आपण नीट ध्यानी घेतलेले नाही. पूर्वी टेलिफोन केंद्र शहरात होते. आता त्या केंद्राचा एक भाग आपल्या दुकानातील फळीवर येऊन बसला आहे. ती फळी जशी ठेवावी तसे आपले बोलणे चालते.

आपल्यापैकी बहुतेकांची रचना सारखीच आहे. खाली पेढी, वर बिऱ्हाड, मागे वखार. फायबरच्या टोकाशी कंपनी एक पेटी बसवून जाते; तिला राउटर म्हणतात. तिच्या पाठीशी तारा खोचण्यास बहुधा चारच जागा असतात. बिलाचा संगणक, छापण्याचे यंत्र, वखारीवरील कॅमेऱ्यांची पेटी, एवढ्यातच तीन जागा जातात. मग गादीवरचा फोन, मुनीमजींचा फोन, वखारीचा फोन व वरच्या मजल्यावरचा फोन कोठे लावावयाचे? येथे पुष्कळजण दोहोंपैकी एक चूक करतात. काहीजण सारे फोन हवेवर, म्हणजे वायफायवर सोडून देतात. काहीजण बाजारातून दुसरा राउटर आणून पहिल्यास जोडतात. खरा उपाय त्या दोहोंहून स्वस्त व सोपा आहे. त्याचे नाव स्विच. हा दिव्याचा स्विच नव्हे. ही पाच, आठ किंवा सोळा जागांची एक लहानशी पेटी असते आणि तिच्यात ‘इथरनेट’ नावाच्या तारा खोचतात.

हे इथरनेट १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट मेटकाफ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी योजिले. आरंभी सर्व यंत्रे एकाच जाड तारेवर असत. एक बोलू लागले की इतरांनी गप्प बसावे, दोघे एकदम बोलले तर दोघांनी थांबून पुन्हा बोलावे, अशी ती व्यवस्था होती. १९९० साली ‘कल्पना’ नावाच्या कंपनीने सात जागांचा स्विच बाजारात आणला, तेव्हा ही गर्दी फुटली. हे नाव ऐकून वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु त्या कंपनीचे एक संस्थापक विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे होते आणि त्यांनी आपल्या पत्नीचे नाव कंपनीस दिले होते. पुढे १९९४ साली ती कंपनी सिस्को या मोठ्या कंपनीने घेतली. सांगण्याचे तात्पर्य, ही विद्या आपणांस अगदीच परकी नाही.

राउटर व स्विच यांतील भेद आपल्या बाजारातील भाषेत असा सांगता येईल. राउटर म्हणजे गावाची वेस. बाहेरच्या जगास आपल्या घराचा एकच पत्ता ठाऊक असतो. आत कोणाचे दुकान कोठे आहे, हे वेशीवरचा कारकून जाणतो, आणि आतल्या प्रत्येक यंत्रास पत्ताही तोच नेमून देतो. स्विच म्हणजे आवारातील मुकादम. पोत्यावरचा मार्का पाहावा आणि ते पोते नेमक्या त्या गाळ्यावर पोहोचवावे, एवढेच त्याचे काम. तो पत्ते देत नाही, जकात घेत नाही, पोते उघडून पाहत नाही. प्रत्येक यंत्रावर कारखान्यातच एक मार्का घातलेला असतो. कोणता मार्का कोणत्या जागेवरून आला हे स्विच स्वतःच शिकून घेतो. म्हणून साध्या स्विचला काहीही सांगावे लागत नाही. एक तार राउटरकडून आणून खोचावी, बाकीच्या जागांत फोन व संगणक लावावे, इतकेच. मात्र पाच जागांच्या स्विचमधील एक जागा राउटरकडील तारेने जाते, आपल्या हाती चारच उरतात, हा हिशेब विकत घेण्यापूर्वीच करावा.

आता कोणी विचारील, स्विच मध्ये आला तर बोलण्यास अडथळा होणार नाही काय? याचे उत्तर आकड्यांतच आहे. इंटरनेटचा फोन आपला आवाज लहान लहान पुड्यांत बांधून पाठवितो. सामान्यतः एका पुडीत एका सेकंदाचा पन्नासावा भाग आवाज असतो, म्हणजे सेकंदास पन्नास पुड्या जातात. नेहमीच्या टेलिफोनच्या दर्जाच्या आवाजास ६४ किलोबिट लागतात. पुडीवरील पत्ते व वेष्टने धरून तारेवर ते सुमारे ८७ किलोबिट होतात. आपल्या भाषेत बोलावयाचे तर निव्वळ माल ६४, बारदान २३, ठोक ८७. दहाजण एकाच वेळी बोलू लागले तरी एका दिशेने एक मेगाबिटसुद्धा भरत नाही. आणि साध्यातला साधा स्विच शंभर मेगाबिट वाहून नेतो. आता हजारांचे स्विचही स्वस्त झाले आहेत. तेव्हा फोनसाठी फार वेगवान व महाग स्विच घ्या, असे जो विक्रेता सांगेल, त्याचा काटा एकदा तपासून पाहावा. पाच जागांचा साधा स्विच आज एक क्विंटल गव्हाच्या किमतीहून कमी दामात मिळतो.

मग बोलणे तुटते ते कोठे? बहुधा वेशीवर. आतले रस्ते रुंद, पण बाहेर जाण्याचा दरवाजा एकच. कॅमेऱ्यांची चित्रे दूरच्या साठ्यात पाठविणे चालू असते, चिरंजीव वरच्या मजल्यावरून मोठ्या फिती चढवीत असतात, आणि त्याच रांगेत आपल्या आवाजाच्या इवल्या पुड्या उभ्या राहतात. धान्याची गाडी तासभर वेशीवर थांबली तर धान्य नासत नाही. दूध मात्र नासते. आवाज हे दूध आहे. बोललेला शब्द पलीकडे पोहोचण्यास सेकंदाच्या शंभरातील पंधरा भागांहून अधिक वेळ लागू नये, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्याहून उशीर झाला की दोन माणसे एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकू लागतात. यावर उपाय असा की, दुधाची गाडी प्रथम सोडावी, ही आज्ञा वेशीवरच्या कारकुनास द्यावी. बऱ्याच राउटरांत ही सोय असते. जो मनुष्य यंत्र बसविण्यास येतो त्याच्याकडून ती समोर बसून करवून घ्यावी. आणि कॅमेऱ्यांचा माल रात्री, पेढी बंद झाल्यावर बाहेर जावा असे करावे.

वायफायविषयी आमचे मत स्पष्ट आहे. फिरत्या माणसास ते उत्तम. गादीवरच्या फोनास ते योग्य नव्हे. हवा ही सर्वांची सामाईक आहे. जुन्या इथरनेटप्रमाणेच तेथे एका वेळी एकानेच बोलावयाचे असते. शेजाऱ्याचे यंत्र, जाड भिंत, पोलादी कपाट, छतापर्यंत रचलेली पोत्यांची थप्पी, या साऱ्यांचा अडथळा होतो, आणि थप्पी तर रोज हलते. आज चांगले ऐकू आले म्हणून उद्याही येईल, याचा भरवसा देता येत नाही. जे यंत्र जागचे हलत नाही, त्यास तार द्यावी.

यावर तरुण मंडळींचा मोठा आक्षेप असा असतो की, सर्वांच्या खिशात मोबाईल असता पेढीस टेलिफोन हवाच कशाला? आक्षेप वजनदार आहे. आमचीही कित्येक कामे मोबाईलवरच होतात. परंतु मोबाईलचा क्रमांक माणसाचा असतो, पेढीचा नव्हे. एखादा नोकर पेढी सोडून गेला की त्याच्या खिशातून आपले अर्धे गिऱ्हाईक जाते, हे आपल्यापैकी कित्येकांनी सोसले आहे. पेढीचा क्रमांक मात्र वाडवडिलांच्या नावाच्या पाटीसारखा टिकतो. खेड्यातील वृद्ध दुकानदार तीस वर्षांपूर्वी भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलेल्या आकड्यावर आजही फोन करतो. त्या क्रमांकावर कोणीतरी उत्तर द्यावे, ही आपली जबाबदारी आहे. शिवाय गादीवरचा फोन वाजला तर तो मुनीमजींकडे, तेथून वखारीत असा वळविता येतो. गिऱ्हाइकास तीन ठिकाणी तीनदा विचारावे लागत नाही. ज्या सभासदास एकच फोन पुरतो, त्याने मात्र व्यर्थ खर्च करू नये. कंपनीच्या पेटीलाच साध्या फोनची जागा असली तर जुने यंत्र तेथे लावावे. त्याला स्विचही नको. अपरिग्रहाचा उपदेश यंत्रांनाही लागू आहे.

आता आमच्या चुका सांगतो. त्या सांगितल्याने लाज वाटते, पण इतरांचा खर्च वाचतो.

पहिली चूक ही की, आम्हीही स्विचऐवजी दुसरा राउटर आणला. वेशीच्या आत दुसरी वेस झाली. फोन वाजे, उचलला की आमचे पलीकडे ऐकू जाई, पलीकडचे मात्र आम्हांस येत नसे. दोन कारकून निरनिराळे पत्ते वाटीत होते आणि परत येणाऱ्या पुडीस आतले घर सापडत नव्हते. तीन आठवडे आम्ही कंपनीच्या माणसांस बोल लावला. दोष आमचा होता. घरी जुना राउटर पडून असेल तर त्याचाच स्विच करता येतो, नवा घेण्याची गरज नाही. मात्र त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंद करावे, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरहून वेगळा ठेवावा आणि तार बाहेरच्या जागेत न खोचता आतल्या जागांपैकी एकीत खोचावी. तसेच फोनच्या पुड्या उघडून त्यांवरील पत्ते बदलण्याची एक चमत्कारिक सवय काही राउटरांना असते, तिला ‘एस.आय.पी. ए.एल.जी.’ म्हणतात. मदतीसाठी केलेली ही सोय पुष्कळदा विघ्नच करते. एका बाजूचा आवाज येत नसेल, तर प्रथम ती बंद करून पाहावी.

दुसरी चूक लाभपंचमीची. मुहूर्ताच्या दिवशी झाडलोट करताना आमच्या एका नोकरास एक तार लोंबताना दिसली. तिचे एक टोक स्विचमध्ये होते. दुसरे टोक त्याने सुबुद्धीने त्याच स्विचमधील रिकाम्या जागेत खोचून दिले. थोड्याच क्षणांत पेढीवरील फोन, संगणक, सारेच बंद पडले. कारण असे की, काही हाका सर्वांसाठी असतात आणि मुकादम त्या सर्व गाळ्यांवर पोहोचवितो. तीच हाक वळसा घेऊन परत त्याच्याच कानी आली, त्याने ती पुन्हा सर्वत्र पोहोचविली, ती पुन्हा परत आली. आपल्याच प्रतिध्वनीस उत्तर देत बसलेल्या दवंडीवाल्यासारखी त्याची अवस्था झाली. साध्या स्विचला यातून सुटण्याची अक्कल नसते. वर्षारंभाच्या शुभेच्छा देणारे, पहिला सौदा करू इच्छिणारे कितीजण त्या सकाळी फोन लावून परतले, हे आम्हांस कधीच कळणार नाही. नोकराचा यात काय अपराध? कोणती तार कोठून कोठे जाते, हे आम्ही कोठेच लिहून ठेवलेले नव्हते.

तिसरी चूक स्वस्ताईची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या नावाने विकली जाते. भेसळ केवळ धान्यातच होते असे नव्हे. ती तार ठिसूळ असते, आणि तारेवरूनच फोनास वीज द्यावयाची झाल्यास ती अधिक तापते. शुद्ध तांब्याचीच तार घ्यावी. तीत आठ पदर, म्हणजे चार जोड्या असतात. एका तारेची लांबी शंभर मीटरपेक्षा अधिक होऊ देऊ नये. वखार दुसऱ्या इमारतीत असेल, तर मधला टप्पा काचेच्या तंतूने जोडावा. पावसाळ्यात वीज कोसळल्यास तांब्याच्या तारेवरून तिचा धक्का दोन्हीकडच्या यंत्रांस पोहोचतो, काचेतून तो जात नाही. आणि धान्याच्या वखारीत उंदीर असणारच. ते तारा कुरतडतात म्हणून विष घालणे आपल्या धर्मात बसत नाही. तार नळीतून न्यावी, जमिनीपासून उंच न्यावी, नळीची तोंडे बंद करावी. यालाच आपले मुनिमहाराज जयणा म्हणतात. सावधपणे वागल्याने जीवही वाचतो आणि तारही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तीत हानी पैशाची नव्हती. नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीस लागून आमची वखार आहे. २०२२ च्या जून महिन्यात येथील एका रसायनाच्या कारखान्यात मोठी आग लागली. स्फोटांचे आवाज व धुराचे लोट दूरवरून दिसत-ऐकू येत होते आणि जवळपासच्या वस्तीतील शेकडो लोकांस हलवावे लागले. त्या संध्याकाळी खबरदारी म्हणून आम्हीच वखारीतील विजेचे मुख्य बटण बंद केले आणि माणसांस बाहेर काढण्याच्या गडबडीत पडलो. घरी बडोद्यास ही बातमी पोहोचली. सर्वांनी वखारीचा क्रमांक लावला, तो वाजेना. आमचा मोबाईल गादीवरच राहिला होता. घरची मंडळी एक तासभर नवकार जपत बसली होती, आणि आम्ही मात्र सुखरूप, रस्त्याच्या कडेला उभे राहून हमालांची गणती करीत होतो.

जुना तांब्याच्या तारेवरचा टेलिफोन घरची वीज गेली तरी चालत असे. कारण त्यास ४८ व्होल्टची वीज केंद्रातील बॅटऱ्यांतून त्याच तारेने मिळत होती. इंटरनेटच्या फोनास हे सुख नाही. फायबरची पेटी, स्विच व फोन या तिघांनाही आपल्याच घरची वीज लागते. तिघांपैकी एक जरी विझला तरी संभाषण संपले. यास उपाय आहे. २००३ साली अशी पद्धत निश्चित झाली की, स्विचनेच इथरनेटच्या तारेवरून फोनास वीज पुरवावी. तिला ‘पी.ओ.ई.’ म्हणतात. त्या पद्धतीत स्विच प्रत्येक जागेवर १५.४ वॅटपर्यंत वीज देऊ शकतो. गादीवरच्या साध्या फोनास एवढी लागतही नाही. असा स्विच साध्याहून महाग असतो, पण त्यामुळे वखारीच्या टोकाच्या फोनासही निराळी वीज लागत नाही. राउटर व स्विच एकाच ठिकाणी ठेवून दोघांस मिळून एक बॅटरीची पेटी, म्हणजे यू.पी.एस. दिली की, दिवे गेले तरी फोन चालू राहतो. संगणक व छपाईचे यंत्र त्या पेटीस लावू नये. ते सारी शिदोरी खाऊन टाकतात. आणि महिन्यातून एकदा, ठरल्या तिथीस, मुख्य बटण बंद करून फोन खरोखर चालतो काय हे पाहावे. न पाहिलेली बॅटरी म्हणजे न मोजलेली शिल्लक होय. आता आमच्या वखारीत ही व्यवस्था आहे. मोबाईलही खिशातच असतो.

चोरीविषयीही दोन शब्द. फोनयंत्राचा व राउटरचा कारखान्यातून आलेला सांकेतिक शब्द न बदलणे म्हणजे तिजोरीस किल्ली लावून ठेवणे. बाहेरचा चोर आपल्या फोनयंत्रातून परदेशी बोलतो आणि बिल आपल्या नावे येते. परदेशी बोलण्याची गरज नसेल त्या पेढीने ती सोय कंपनीकडून बंदच करून घ्यावी.

एवढे सर्व सांगून आमचे मुख्य म्हणणे फार थोडे आहे. यंत्रे घेण्यात आपण मागे नाही. ती सांभाळण्याची रीत मात्र आपण लावून घेतलेली नाही. रोजमेळ मिळाल्याखेरीज आपले वाडवडील झोपत नसत. एका पैशाचा फरक पडला तरी दिव्याखाली बसून तो शोधीत. त्याच पेढीवर आज तारांचा गुंता गादीमागे लोंबत असतो आणि त्यातील एकही तार कोणाच्या मालकीची, कोठून आली, कोठे गेली, हे कोणास सांगता येत नाही. ज्याने ती बसविली तो मुलगा दुसऱ्या गावी गेला. सांकेतिक शब्द त्याच्याबरोबर गेला. हा बेहिशेबीपणा आपल्यास शोभत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. येत्या दिवाळीस वहीपूजन कराल, तेव्हा नव्या वहीच्या शेवटच्या पानावर तारांची खतावणी लिहा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस एकच आकडा चिकटवा आणि तो आकडा कोठून कोठे जातो ते मांडा. राउटर कोणता, स्विच कोणता, कधी घेतला, बॅटरी कधी बदलली, बसविणाऱ्याचा पत्ता काय, हे सारे त्या पानावर येऊ द्या. सांकेतिक शब्द मात्र तेथे न लिहिता तिजोरीत ठेवा. हे पान घरातील मुलाकडून किंवा सुनेकडून लिहवून घ्या, पण तपासा स्वतः. तरुणांस यंत्र कळते, वृद्धांस हिशेब कळतो. या दोहोंची गाठ त्या पानावर पडेल. आपल्या मंडळानेही वर्षातून एक दिवस सभागृहात राउटर, स्विच व दोन फोन मांडून सभासदांस हे सारे प्रत्यक्ष दाखवावे. त्यास मोठा निधी नको. एक मेज आणि दोन तासांचा वेळ पुरे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा पेटीविषयी एवढे लांबलचक विवेचन कशाला? परंतु आपला सारा व्यवहार ज्या शब्दावर उभा आहे, तो शब्द आज त्या पेटीतून जातो. सत्य बोलणे हे आपले व्रत आहे. बोललेले सत्य अखंड पोहोचावे यासाठी झटणे, हाही त्या व्रताचाच एक भाग आहे असे आम्ही मानतो. पेढीवर फोन वाजावा, पहिल्या हाकेस उत्तर मिळावे, आणि पलीकडच्या माणसाने जे म्हटले तेच, एकही अक्षर न गळता, आपल्या कानी पडावे, एवढीच आमची इच्छा आहे.

लिहिण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.